वर केसर, खाली मी

आमी मूळचे पैठणकडचे. धरणाच्या पान्यात रान गेलं तवा बाप आमाला घिऊन शहरात आला आन् त्याला जे येत व्हतं तेच काम धरलं, अरकशीचं, म्हंजी ओंडका करवतीनं उभा चिरायचा आन् फळ्या पाडायच्या. शाळा म्हनाल तर मी दुसरीतून उठलो. आता तुमी लिवताय तर नीट लिवा, मी झाडं तोडली, लई तोडली, आन् मला त्याची लाज नाय. गल्लीतली शेवंताबाई म्हनती, झाडाचे तळतळाट लागले म्हनून तुमची बायको गेली. मी म्हन्लं, बाई, तू ज्या पाटावर बसून नवरी झाली त्यो काय आभाळातून पडला व्हता? बाभळीचं औत, सागाची चौकट, धावड्याचा कुऱ्हाडीला दांडा, खाटकाचा ठोकळा तेवढा चिंचंचा, दुसरं लाकूड त्या घावाला टिकतच नाय. हे समदं कोनी तरी तोडलं तवा तुमच्या घरात आलं. ते कोनी तरी म्हंजी मी.

तर काय सांगू तुमाला, ओंडका लाकडाच्या उंच घोडीवर चढवायचा, गेरूच्या सुतानं रेघ मारायची, एकजन ओंडक्यावर उभा आन् एकजन खाली. वरच्यानं रेघ सांभाळायची, खालच्यानं ओढायचं आन् भुसा खायचा. वरचा म्हंजी उस्ताद. बाप गेला आन् मला जोडीला गडी मिळंना, तर केसर, माझी बायको, म्हन्ली मी येते. पयल्यांदा ती खाली ऱ्हायली. दोन-चार रोज गेले आन् खालून म्हन्ली, अवो, वाकडं चाललंय तुमचं, मला हितून दिसतंय, उतरा. मी म्हन्लं, शानी हाईस. ती म्हन्ली, शानी हाय म्हनूनच सांगते, उतरा. उतरलो. ती पदर खोचून वर चढली आन् करवत अशी सरळ गेली की मी खालीच ऱ्हायलो.

वखारीतले गडी लई हसले. वखारवाला चाचा म्हन्ला, क्या रे, जोरू ऊपर और तू नीचे, घर में बी ऐसाच है क्या? मी खाली भुसा थुकत व्हतो. केसरच वरून म्हन्ली, चाचा, घरात तर त्यो नुसता घोरतो, तिथं वर काय आन् खाली काय. चाचा जो उठला तो चहा सांगायला गेला. तवापासून जलमभर ती वर आन् मी खाली. लोकं हसून हसून थकले, आमी नाय थकलो.

मंग मशिनी आल्या, काम कमी झालं. आमच्या घराला मातर पत्र्याचंच दार ऱ्हायलं. मागं वावटळीत दारचा कडुलिंब पडला तवा केसर म्हन्ली, याचं आपल्याला दार करू, लिंबाला वाळवी लागत नाय. माझे गुडघे गेलेले, तिचा दम गेलेला, तरी चढवला ओंडका. पयली फळी अर्ध्यापस्तोर आली आन् ती म्हन्ली, थांबा जरा. ओंडक्यावरच बसली. दवाखान्यात नेली ती घरी आलीच नाय. करवतीच्या चिरेत पाचर तशीच ठोकलेली ऱ्हायली.

वर्षश्राद्धाला पावनेरावळे येनार म्हनून माझा ल्योक दिगू, वाळूजला कंपनीत असतो, त्यानं औरंगपुऱ्यातून तयार दार आनलं, गुळगुळीत, वर कागद चिकटवलेलं. त्याच टेम्पोत ओंडका घालून मशिनीवर न्यायचा म्हन्ला. मी टेम्पोला आडवा झालो. दादा, अर्ध्या घंट्यात चिरून मिळतं, तुमी काहून जिद करता, असं त्यो वरडला. मी म्हन्लं, मशिनीला तुझी माय ठाव हाय का? नाय ना? मंग हात लावू नको. म्हातारं येडं झालं म्हनत त्यो गेला.

मी एकटा लागलो. खालून ओढलं तर वर कोन उचलनार, करवत अडकून बसली. तवा पैठणहून माझी लेक मुक्ता आली व्हती, तिनं हातातलं ताट ठुलं, पदर खोचला आन् वर चढली. शेवंताबाई कुंपनावरून म्हन्ली, आता लेकीलाबी चढवलं का. मी म्हन्लं, व्हय, तुलाबी यायचं तर ये.

मुक्ताला रेघ धरता यीना. दादा, वाकडं चाललं का? मी म्हन्लं, चाललं. मंग थांबू का? मी म्हन्लं, नाय, वढ.

आठ दिस वढलं. दार झालं. पयली फळी अर्ध्यापस्तोर एकसारखी, तिथून पुढं कुठं जाड, कुठं पातळ. दिगू रंधा घिऊन आला, म्हन्ला, सारखी करतो. मी म्हन्लं, रंधा लावशील तर हात मोडीन. हितपस्तोर तुझी माय हाय, हितून पुढं आमी. दोन्ही तसंच ऱ्हाऊ दे. त्यानं फळीवरून बोट फिरवलं आन् रंधा खाली ठुला. त्याचं गुळगुळीत दार आता न्हानीला लावलंय.

थंडीत फटीतून वारा येतो. येऊ द्या. बसा, चहा घिऊन जावा. आन् जाताना दार जोरानं वढा, नायतर लागत नाय.