नानांचा अर्धा डाव

शहाद्याच्या स्टँडवर म्हसावदच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी काका-पुतण्या बोलत होते.

“काका, काल मी लॅपटॉपवर एम्युलेटर टाका. तो जुना कॉम्प्युटरनी नक्कल करस. त्यामा नानाना जुना कॉम्प्युटरमधलं बुद्धिबळ चालू व्हयनं.”

“भाऊले त्यानं येडच व्हतं. मंग?”

“नाना वारनात तवय अर्धा ऱ्हायेल डाव तसाच निंघना. चाल नानानी व्हती.”

“ती चाल तू करी?”

“माले सुचेना. मायनी मांगून घोडावर बोट ठेवं, मंग एक घरवर. मी तसंच करं, अन् डाव जिकना.”

“वहिनीले बुद्धिबळ येस?”

“नई. सोंगट्यासना नावबी माहीत नईत.”

“मंग तिले कोनी सांगं?”

“मीबी तेच इचारं. ती म्हने, ‘नाना सांगी ऱ्हायनात ना, तुले ऐकू येत नई?’”

“लॅपटॉप बंद करी टाक.”

“तवयच बंद कराले गऊ. तिनी मन्हा हात धरा. म्हने, ‘नको. नाना आजून बशेल शेतस.’”