वंदनाचा बुद्धिबळाचा प्रोग्राम

"पाटलांची वंदना कॉम्प्युटरवर मुलं नापास करते, आणि…" आमच्या लिंबायत वस्तीतल्या नळावर एवढंच ऐकलं, तोच पाणी गेलं अन् बायका पांगल्या. रविवारी तिला बघायला अमळनेरचे पाहुणे यायचे होते, म्हणून मी तडक तिच्याकडेच गेले.

"मुलं नाही हो मावशी, बुद्धिबळाच्या चाली!" ती हसली. "एखाद्या चालीला समोरून एक जरी मारक उत्तर सापडलं, की ती चाल तिथंच सोडायची. पुढचं तपासत बसायचं नाही, असं माझ्या प्रोग्रामला शिकवलंय."

रविवारी पोहे खाता खाता मुलगा म्हणाला, "लग्नानंतर हे कॉम्प्युटर वगैरे बंद हं."

"आई, चहा टाकू नकोस," वंदनाने आत सांगितलं.

मी कुजबुजले, "अगं, पगार तरी विचारू दे!"

"कशाला, मावशी?"

म्हणजे नळावरची बातमी अर्धीच खरी. मुलगा नापास झाला, पण कॉम्प्युटर बिचारा कोपऱ्यात कापड पांघरून बसला होता.