ताईंची पट्टी

हॅलो?… हां, बोल छकुले. झाली का तपासणी?… दोन तास रांगेत? बसा मग!

अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. तुझ्या नवऱ्याचीच दुसरी पट्टी धुऊन गुंडाळत बसलेय. उद्या येऊन बांधते… नको? का नको?

हं… हं… पाऊल वर उचलत नाही? अगं, उचलायचंच नसेल त्याला! बसच्या पायरीवरून घसरला काय, गुडघा मुरगळला काय, दहा दिवस घरात लोळतोय नुसता. सोमवारी कामावर जायचं म्हटल्यावर पाऊल लुळं पडलं. बरं जमतं हं!… नाही कसं? परवा पाहिलं ना मी त्याला चालताना. गुडघा हा एवढा वर घेतो आणि पाऊल फटकन आपटतो. नाटक कंपनीत शोभला असता. याला बस चालवायला कुणी ठेवलं कोण जाणे!

चप्पल?… निसटते आणि त्याला कळतही नाही? मग नीट घालायची ना! लहान आहे का तो?

बरं, डॉक्टर काय म्हणाले?… कोण, तो चष्मेवाला? अगं, कालचं पोर ते! त्याला काय कळतंय डोंबल! तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलीत मी. असले छप्पन्न पाहिलेत. सुई टोचताना हात थरथरायचे एकेकाचे.

काय केलं?… पावलावर टाचणी टोचली आणि याला कळली नाही? झोपला असेल!

हं… नस दबलीय. कुठे?… गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला. हो, हाडावरून जाते तिथे, माहितेय मला. तू नको शिकवूस… कशाने दबली म्हणे?

परत सांग.

घट्ट पट्टीने… कोण म्हणतं? तो पोरगा? अगं ऐक ना… ऐक… घट्ट बांधावीच लागते, नाहीतर सूज उतरेल कशी?… हो, मुंग्या येतात म्हणाला होता, तिसऱ्या दिवशी. मी म्हटलं, मुंग्या येतात म्हणजे रक्त फिरतंय… हो, सैल करा म्हणाला होता. हो गं, हसले मी. एवढा मोठा बाप्या आणि पट्टीला रडतोस, असं म्हटलं मी. तूही हसलीस की!… नाही? बरं. मी एकटीच हसले.

रडू नकोस. आधी सांग, सुधारेल ना?… सहा महिने… पाऊल वर धरायला पट्टा… आणि नाही सुधारलं तर?… हो गं, कळतं मला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलता येत नाही त्याला कोण बसवेल स्टिअरिंगवर? बावीस वर्षं चालवतोय.

डॉक्टरांनी विचारलं असेल ना, पट्टी कुणी बांधली म्हणून?… मग? सांगितलंस ना माझं नाव?… तो बोलला? काय बोलला?

"मीच बांधली"… असं म्हणाला?

आणि त्या पोराने झापलं त्याला? सगळ्यांदेखत?… आणि हा मुकाट ऐकत बसला! मूर्ख आहे, छकुले. लग्नाच्या दिवसापासून सांगतेय तुला, शुद्ध मूर्ख आहे तो… का पण? का म्हणून?… "ताईंना लागेल फार"…

हं… आहे, आहे मी फोनवर. काही नाही गं. पट्टी पडली हातातून, पार उलगडत गेली दारापर्यंत. राहू दे.

ऐक, डॉक्टर आहेत का अजून तिथे?… मग फोन दे त्यांच्याकडे… नाही, त्याला विचारायचं नाही! तो नको म्हणेल. दे म्हणते ना!

हॅलो… डॉक्टर? नमस्कार. ती पट्टी त्यांनी नाही बांधली. मी बांधली… हो, त्यांच्या बायकोची मोठी बहीण. नर्स होते, तीस वर्षं… हो. सैल करायला हवी होती. ते सांगत होते मला, डॉक्टर, मीच ऐकलं नाही… नाही, थांबू नका. त्यांना जे बोललात ना, ते सगळं मला बोला. ऐकतेय मी.