टाकलेलं उचलायचं काम

मव्हं म्हायेर नारायनगडाच्या पायथ्याला, गावकुसाच्या भायेर आमची वस्ती, आन् गडावर जत्रा भरली, पंगती उठल्या, की उष्ट्या पत्रावळ्या उचलायचं काम आमच्या घराकडं, मव्ही माय म्होरं आन् मी तिच्या मागं, तिच्या हातात झाडायचा फडा आन् मव्ह्या डोक्यावर टोपलं, तिथून जे सुरू झालं ते आजपातूर चालूच हाय, काय सांगू तुमाला मास्तर, लोकांनी टाकायचं आन् मी उचलायचं, दुसरं काई हाताला आलंच न्हाई. पत्रावळीत भात ऱ्हायला आसला तर माय तो येगळा काढायची, घरी नेऊन उन्हात घालायची. तुमाला किळस येत आसंल तर ते नका लिवू. आमाला तवा किळस ठावं नव्हती, भूक ठावं व्हती.

मग दिंद्रुडला दिली. दिंद्रुड म्हंजी बाजाराचं गाव, तेलगावाकडल्या गाड्या बाजाराला हितं येनार, वान्याची दुकानं, लई वर्दळ. आदी ज्याचा त्याचा उकिरडा ज्याच्या त्याच्या घरामागं व्हता, केर टाकला, शेन टाकलं, राख टाकली, उन्हाळ्यात गाडी भरून रानात न्हेली, कोनाला कोनाचं घेनं न्हाई. मग येक साल गावात पटकी आली. सकाळी बोलत व्हतं ते मानूस संध्याकाळी न्हाई, आसं. आमच्या वस्तीतली तर लईच गेली, मव्ही सासू त्यातच गेली. मग कचेरीतून गिरदावर आला, घोड्यावर बसून, नाकाला रुमाल लावून, आन् पाटलाला म्हनला हे समदं भायेर काडा, येकबी उकिरडा गावात दिसला न्हाई पायजे, सरकारचा हुकूम हाय. पाटील म्हनला जी हुजूर. गिरदावराचा घोडा वेशीभायेर पडला की पाटलानं आमच्या मालकाला चावडीवर बोलवलं आन् म्हनला बे, तुझ्या बायकोला सांग, उद्यापून गावाचा केर तिच्याकडं. मला कोनी इचारलं न्हाई. मालकानंबी इचारलं न्हाई, घरी आला, म्हनला टोपलं नवं घे.

तवापून मी गावाची. बायांनी घर झाडायचं, परसदारी केराचा ढीग लावायचा, मी जायाचं, भायेरूनच, टोपल्यात भरायचं, आन् गावाभायेर वड्याच्या कडंला मोठा खड्डा हाय तिथं नेऊन टाकायचं. नुसतं टाकून भागत न्हाई बरं का. चुलीतली राख येगळी ठिवावी लागती, तिच्यात येखादा जिता इस्तू आसला तर आख्खा उकिरडा आतल्या आत धुमसत बसतो, धा दिस धूर न्हाई थांबत. बांगडीच्या काचा येचून काढाव्या लागत्यात, त्या तशाच रानात गेल्या तर मानसाच्या पायात भरत्यात, बैलाच्या खुरात भरत्यात. काचा बांगड्यावाला मनियार आला की त्याला द्यायच्या. चिंध्या येगळ्या. मग केर, वर शेन, वर पालापाचोळा, वरून पानी, आन् झाकून ठिवायचं, पावसाळाभर कुजू द्यायचं. आत हात घातला तर पोळतो आसा ऊन ऱ्हातो. चैतात गाड्या लागायच्या, समद्यात आदी वान्याची, कारन त्याचं रान वड्याला लागून. खत काळंभोर व्हायचं, वास न्हाई काई न्हाई. लोकं म्हनायचे भागूचं खत चांगलं हाय. माझ्या वाट्याला घरटी येक भाकर आन् सुगीला थोडी जवारी, आन् दिवाळीला मी नवा फडा घेऊन गेले की बाया त्याला हळदीकुकू लावायच्या, लक्षुमी म्हनून, मला म्हनायच्या लांब हो.

आता तुमी टाकलेल्या लेकराचं जे इचारलं ते सांगते. लिंगायत वान्याच्या घरात काशीआक्का व्हती, मव्ह्याच वयाची, मव्ह्याच साली नांदाया आल्ती. तिला लेकरू व्हायचं आन् जायाचं. पाचवी पुजायची, सटवाईनं काय लिवायचं ते लिवायचं, आन् महिन्या दोन महिन्यात घर पुना गप. मव्हंबी तसंच चाललं व्हतं. ती परसदारी रडायची तवा मी केर भरत आसायची, दोघीला येकमेकीचं ठावं व्हतं. मग तिला फिरून पोरगा झाला तवा तिच्या सासूनं ठरवलं, हे लेकरू उकिरड्यावर टाकायचं.

तुमाला ठावं आसंल, तुमच्याकडं करत आसतील. ज्या घरात लेकरं जगत न्हाईत तिथं लेकरू केरावर टाकायचं, परक्या बाईनं येऊन ते उचलायचं, मग तिच्याकडून कोंडा देऊन इकत घ्यायचं, आन् नाव उचलनारीनं ठिवायचं, आसलंच काईतरी, कचरू, उकिरडा, केरू. म्हंजी सटवाई आली तरी म्हनती हे तर टाकलेलं हाय, परक्याचं हाय, हे न्हेऊन काय करू. तर म्हातारी मला म्हनली भागे, उद्या सकाळी येशील तवा ढिगावर काय दिसंल ते उचल.

गेले. ढिगावर फडक्यात गुंडाळून ठिवलेलं, डोळे उघडे, माझ्याकडं बघतंय. मी इचारलं, तसं इचारायचं आसतंय, हे कोनाचं हाय? आक्का दारातून म्हनली कोनाचं न्हाई, केर हाय, ने. मी उचललं, टोपल्यात ठिवलं, बोळाच्या कोपऱ्यापातूर गेले. मग तिनं हाक मारली, ये बाई, इकतीस का? मी म्हनले सूपभर कोंड्याला देते. तिनं सुपातला कोंडा भुईवर ठिवला, मी लेकरू भुईवर ठिवलं, मी मागं सरले, मग ती म्होरं आली. पानी शिंपडलं, विभूती लावली, घरात नेलं. मी कचरू म्हनून हाक मारलेली, तेच नाव ऱ्हायलं. आन् ते लेकरू जगलं, मास्तर. गोवर आला, गेला. ताप आला, गेला. लई धडधाकट झालं. आक्का परसदारी त्याला घेऊन उभी ऱ्हायची आन् म्हनायची बघ कचऱ्या, तुझी माय आली.

मग मला पोरगी झाली. मव्ही शेवटची. आदीची समदी गेलती. वस्तीतल्या बाया म्हनल्या तूबी टाक, पन कुठं टाकशील, उकिरडा तर तुझाच हाय, आपल्याच घरातून आपल्याच घरात टाकल्यावनी व्हनार, त्यानं काय सटवाई फसती व्हय. खरंच व्हतं ते. ढीग दुसऱ्याचा पायजे आन् उचलनारी परकी पायजे. मी आक्काकडं गेले. परसदारी उभी ऱ्हायले, म्हनले आक्का, मी तुमचं उचललं, तुमी मव्हं उचला. ती लगीच म्हनली उचलते, सोमवारी आन. तिच्या डोळ्यात पानी आलतं, मी बघितलं, खोटं न्हाई सांगनार.

सोमवारी सकाळी पोरीला न्हाऊ घातलं, धुतल्या फडक्यात घेतली, आक्काच्या परसदारच्या ढिगावर ठिवली, आन् बोळाच्या तोंडाला जाऊन उभी ऱ्हायले. आक्का दारात आली. उंबऱ्यावर उभी. मागं तिची सासू आली. म्हातारी म्हनली कावून उभी हायस तू? हात लावशील तर न्हाऊन घरात ये, आन् तुझ्या कचरूला तवर कोन घेनार, गळ्यात लिंग हाय तुझ्या, अक्कल हाय का न्हाई. पोरगी रडाया लागली. ऊन वर आलं, तिच्या तोंडावर आलं, माश्या बसाया लागल्या, आन् आक्का उंबऱ्यावर तशीच. मला म्होरं जाता येईना, आईनं उचलायचं नसतं. लई येळ गेला. मग आक्का तिथूनच म्हनली भागे, मी उचलली आसं मी म्हनते. शब्दानं उचलली. तू घे आता. आन् कोंडा मी द्यायचा आसतो, पन तीच सूपभर कोंडा भुईवर ठिवून आत गेली.

मी पोरीला उचललं. कोंडाबी घेतला. तुमी म्हनाल कावून घेतला, तर घरी शेळी व्हती. त्या दिशी मला राग आलता, लई आलता, संध्याकाळी केर भरला तवाबी व्हता. मग गेला. जेठात पोरीला ताप आला आन् दोन दिसात ती गेली. तिचं नाव मी मनात केरा धरलं व्हतं. पन नाव उचलनारीनं घ्यायचं आसतंय, म्हनून मी कदी मोठ्यानं म्हनले न्हाई, नुसतं बाळे म्हनायची. पुरली तवाबी नाव न घेता पुरली. दुसऱ्या दिशी कामावर गेले, पाटलाकडचं लगीन व्हतं, पत्रावळ्या लई व्हत्या.

त्याच्यानंतर काई सांगन्यासारकं न्हाई. मालक गेला. आक्काची सासू गेली. मी केर भरत ऱ्हायले. कशाचं काई वाटायचं बंद झालं म्हना ना, पाऊस पडला तरी तेच, न्हाई पडला तरी तेच. कचरूचा कचरअप्पा झाला, गल्ल्यावर बसाया लागला, लगीन झालं तवा मला लुगडं दिलं, उकिरड्याची माय म्हनून मान आसतो तो. भुईवर ठिवलं, मी उचललं.

आन् मग त्याच्या घरात तेच सुरू झालं. त्याची बायको मुखेडाकडची, शांत, तिची दोन गेली, तिसरी पोरगी झाली. येक दिस कचरअप्पा वड्याकडं आला, खड्ड्याच्या कडंला, मी काचा येचत व्हते. उपरनं नाकाला लावलं व्हतं ते त्यानं काढलं. म्हनला माय, मी तुझ्यामुळं जगलो, तू आमच्या पोरीला उचल. पोरगी आसली म्हनून काय झालं, जगू दे. मी म्हनले बघू. वस्तीतल्या बाया म्हनल्या जाऊ नको भागे, तुझ्या येळंला कोन आलतं? येकजन तर म्हनली जा आन् तूबी शब्दानं उचल. ते मव्ह्या ध्यानात ऱ्हायलं. रातभर न्हाई, दिसभर ऱ्हायलं.

दुसऱ्या दिशी सकाळी टोपलं घेतलं आन् नेमाच्या येळंला गेले. ढिगावर पोरगी. दारात सून, तिच्या मागं आक्का, आता म्हातारी झालेली, काठी धरून. मला वाटलं व्हतं काईतरी वाटंल. न्हाई वाटलं. ऊन पोरीच्या तोंडावर येत व्हतं तेवढं दिसलं. इचारलं कोनाचं हाय, सून म्हनली कोनाचं न्हाई, केर हाय, आन् तिचा आवाज फुटला. मी वाकले आन् उचललं. टोपल्यात न्हाई ठिवलं. हातातच धरलं. पोरगी ऊन ऊन लागत व्हती हाताला. चालाया लागले आन् बोळाचा कोपरा आला, तिथं थांबायचं आसतंय, पन पाय थांबले न्हाईत, कावून ते मला आजबी सांगता येत न्हाई. चावडी आली, वेस आली. मागून कचरअप्पा माय माय म्हनून वराडला, बाजाराची मानसं उभी ऱ्हायली. मग सून पळत आली, अनवानी, पदर डोक्यावरून पडलेला. मागून आक्का म्हनत व्हती खाली ठिवू दे, भागे, खाली ठिव. सुनेनं काई ऐकलं न्हाई. मव्ह्या हातातून पोरगी घेतली, मव्ह्या हाताला हात लागला तिचा, तिला त्याचं भानबी नव्हतं. छातीशी धरून भुईवर बसली आन् म्हनली नाव सांगा माय, नाव ठिवा.

मी म्हनले केरा.

मोठ्यानं म्हनले. वेशीत उभं ऱ्हाऊन. आक्कानं ऐकलं, पन तिला काय ठावं, कोनालाच ठावं न्हाई, मी कोनाला सांगितलंच नव्हतं. कोंड्याचं सूप मागं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच, शेळी कवाच मेलती.

ती जगली. आता बोळात पळती, पडती, उठती. मी परसदारी केर भरत आसले की घरातून हाक येती, केरे, ये केरे, आन् मव्हा हात टोपल्यावर थांबतो. मग पुना चालू. बरं वाटतं का म्हनून इचारू नका, मला ते कळत न्हाई. देवानं तिला लई औक्ष द्यावं, म्हातारी व्हईस्तोर कुनीतरी तिला हाक मारावी. आन् मास्तर, तुमी हे लिवनार आसाल तर मव्हं नाव न्हाई लिवलं तरी चालंल, तिचं लिवा. दोघी पोरींचं येकच हाय, येकदा लिवलं तरी पुरतं.