बावीस दंडवतांचं अंतर

मंडळी, जरा कान इकडं द्या! आज एकच प्रश्न विचारतो — देवापासून दारू किती लांब असावी?

हसताय काय! खुद्द सरकारला हा प्रश्न पडला, आणि सरकारनं उत्तरही दिलं. देवळाच्या, शाळेच्या दारापासून पंचाहत्तर मीटर! त्याच्या आत दारूच्या दुकानाला परवाना नाही. मग शहात्तराव्या मीटरला काय देवाला दिसायचं बंद होतं? — नाही हो, कायद्याला हसू नका. त्या बिचाऱ्यानं निदान एक रेघ ओढून दिली. पण ती रेघ राखायची कुणी? फितीनं? साहेबानं? का आपण? बुवा, पेटी जरा हळू. हा प्रश्न ऐकू गेला पाहिजे.

तर आंबेवाळण नावाचं गाव. गावात सिद्धोबाचं देऊळ, देवळाला लागून शाळा. आवार एक, दार एक! पोरं पाढे म्हणतात, आत घंटा वाजते. देव पण सातवी पास झाला असेल एव्हाना!

त्या शाळेत खिचडी शिजवायला ठकूबाई. साठीची बाई, उंची एवढीशी, आवाज मात्र पातेल्यावर पळी आपटावी तसा. दर चैत्रात यात्रेला घराच्या उंबऱ्यापासून सिद्धोबाच्या पायरीपर्यंत दंडवत घालत जायची. जमिनीवर पालथं पडायचं, हातातल्या नारळानं पुढं खूण करायची, उठायचं, खुणेवर पाय ठेवून पुन्हा आडवं. एकवीस वर्षं! रस्ता तिनं पायानं नव्हे, अंगानं मोजलेला.

वाटेत एक बोळ होता. शाळेच्या दारासमोरून निघायचा आणि पलीकडच्या आळीत उतरायचा. सगळ्या पोरी त्याच बोळानं शाळेत येत. आणि त्या बोळाच्या पलीकडच्या तोंडाशीच भागुजीशेठनं गाळा बांधला. कशाचा? बाटल्यांचा!

घरी ठकूबाईची सून म्हणाली, "आत्या, दुकान उघडलं की छबूचं नाव शाळेतनं काढनार मी. पिणाऱ्यांच्या घोळक्यातनं पोरगी नाय पाठवायची."

छबू म्हणजे नात. सातवीत. ठकूबाईनं भाकरी खाली ठेवली. "नाव काढायचं तर दुकानाचं काढू. पोरीचं का?"

झालं, परवान्याचे साहेब आले मोजायला. साहेब सरळ माणूस हं! नियम सांगितला त्यांनी — पायी माणूस ज्या जवळच्या वाटेनं रोज जातो, त्या वाटेनं अंतर मोजायचं. आणि भागुजीशेठनं काय केलं होतं? आठच दिवसांपूर्वी बोळाच्या मधोमध हा एवढा पत्रा ठोकला होता! वर रंगानं लिहिलं — "रस्ता बंद".

साहेबांनी विचारलं, "ही वाट?"

शेठ म्हणाला, "वाट कसली साहेब? पत्र्याची भिंत आहे. कोण जात नाही हितनं."

मग फीत निघाली लांबून. चावडीला वळसा, पिठाच्या गिरणीला वळसा... भरलं किती? अठ्ठ्याऐंशी मीटर! देव सुटला, शाळा सुटली, शेठ पास!

ठकूबाई पुढं झाली. "सायेब, फीत वाट चुकली तुमची. पायरीपास्नं ह्या गाळ्यापातूर बोळानं बावीस दंडवतं हायती."

सरपंच हसले. "आजे, दंडवत हे काय माप हाय व्हय? कायद्यातलं तुला काय कळतंय?"

"कायद्यातलं नाय कळत. पण काय शिजतंय ते वासावरनं कळतंय मला!"

साहेबांनी गावाकडं बघितलं. "या पत्र्यातून कुणी जा-ये करतं का?"

मंडळी, इथं नीट ऐका. सगळं गाव उभं होतं. गुरव होता, गुरुजी होते, गिरणीवाला होता. एक जण बोलला नाही! कुणी आभाळ बघतंय, कुणी चप्पल बघतंय. चप्पल काय पहिल्यांदाच घातली होती का रे?

साहेब वही मिटायला लागले. ठकूबाईनं एकदा छबूकडं बघितलं. शाळेच्या दारात दप्तर छातीशी धरून उभी होती पोरगी. मग म्हातारी ताडताड देवळात गेली, नारळ घेऊन आली, पायरीवर उभी राहिली, पदर खोचला — आणि धाडकन आडवी!

अहो, बाटली आडवी करायला बायका मत देतात ते आपण ऐकलंय. इथं बाटलीसाठी बाई स्वतःच आडवी झाली!

"अगं म्हातारे," गुरव ओरडला, "देवाला पाठ करून दंडवत घालत्यात व्हय?"

"देव पाठीशी हाय, म्हणूनच पाठ केलीया! सर बाजूला!"

एक... दोन... पाच... अंगाला माती, कपाळाला माती. नारळ टेकतोय — ठक्. पुन्हा उठतेय — ठक्. साहेब फीत विसरले. बायका मागून चालायला लागल्या. कुणीतरी "सिद्धोबाच्या नावानं..." म्हटलं, आणि पोरींनी "चांगभलं!" म्हणून गाव दणाणून सोडलं. नऊ... दहा... अकरा! आणि अकराव्या दंडवताला नारळ पत्र्यावर आपटला. खणण्!

म्हातारी पालथीच. उठेना. मान वर करून ओरडली, "दंडवत अडलंय! कोण अडवतंय सिद्धोबाचं दंडवत?"

आता हा भागुजीशेठ कोण? यात्रेत दंडवत घालणाऱ्यांच्या पुढं कळशीनं पाणी शिंपडत पळणारा हाच! बाटलीचा धंदा करील, पण दंडवत अडू देणार नाही. लहानपणापासूनची सवय हो ती. "दंडवत अडलं" हे शब्द कानावर पडले मात्र, पठ्ठ्या उडी मारून पुढं आला — "अरे, अडवू नका! अडवू नका! आलो, माय!" — पत्र्याच्या कडेला हात घातला, आणि आतली कडी काढली. खट्!

भिंत उघडली, मंडळी! भिंतीला कडी! भिंतीला बिजागरी! बिजागरीला तेल! आणि पलीकडं पायांनी गुळगुळीत झालेली वाट, अगदी गाळ्यापर्यंत!

शेठचा एक हात कडीवर, दुसरा नमस्काराला कपाळावर. तसाच पुतळा झाला!

साहेब सावकाश जवळ आले. "शेठ, भिंतीला तेल कोण घालतं हो?"

"साहेब, ते... ते देवासाठी उघडलं फक्त..."

म्हातारी मातीतूनच म्हणाली, "पेट्या आत नेताना बी देवच उघडतो व्हय रे?"

असा हशा पिकला! पण ठकूबाई हसली नाही. तिची अकरा राहिली होती. ती तिनं घातली. बाविसाव्याला नारळ गाळ्याच्या पायरीवर टेकला. मागून साहेबांनी फीत लावली, स्वतःच्या हातानं. एकेचाळीस मीटर! वहीत लिहिलं — रोजच्या पायवाटेनं अंतर एकेचाळीस मीटर, परवाना देता येत नाही.

भागुजीशेठ पुटपुटला, "माय, तू मला बुडवलंस."

ठकूबाईनं नारळ त्याच्या हातात दिला. "बुडवलं नाय रं. कडी तूच काढलीस. तुझ्यातला जो धावत आला ना, त्यालाच नारळ देतेय. दुसऱ्याला नाय."

दुसऱ्या दिवशी छबू त्याच बोळानं शाळेत गेली. उघड्या पत्र्याला हात लावून गेली, उंबऱ्याला लावतात तसा.

आता मंडळी, तुम्ही टाळ्या कुणाला वाजवताय? थांबा. मी गोष्टीतली एक गोष्ट सांगितलीच नाही. त्या पत्र्याला कडी आहे, हे त्या दिवशी गावात किती जणांना ठाऊक होतं? सगळ्यांना! गुरव त्यातूनच येत होता. गुरुजींची सायकल त्यातूनच जात होती. साहेबांनी विचारलं तेव्हा एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर साठीच्या बाईला मातीत लोळावं लागलं नसतं!

तेव्हा प्रश्नाचं उत्तर घ्या. कायद्याची रेघ फीत राखत नाही. राखणाऱ्याचं तोंड राखतं. तुमच्याही गावात कुठंतरी असा पत्रा आहे. "रस्ता बंद" लिहिलेला. त्याची कडी कुठल्या बाजूला आहे, तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. माझ्याकडं बघू नका, चपलेकडं तर मुळीच बघू नका! उद्या साहेब येऊन विचारतील, "इथून कुणी जातं का?"

काय सांगाल? सांगायचं धाडस असेल, तरच हात वर करून माझ्याबरोबर म्हणा — सिद्धोबाच्या नावानं...