आठ तास झोप

त्रिवेणी : ...आणि डॉक्टर हसले, अहो! "अम्मा, आठ घंटे? इत्ती नींद तो मेरेकू भी नै आती!" तोंडावर हसले माझ्या.

हिम्मतराव : हळू बोल. दवाखान्याच्या पायरीवर सगळा बरकतपुरा मोहल्ला गोळा करशील.

त्रिवेणी : होऊ दे गोळा! तीन वर्षं कंबर जाळतेय मला. महिनाभर झोपेचा तक्ता भरा, मग औषध बदलू, बोलले होते ते. त्यात रोज आठ, आठ, आठ कुणी लिहिलं?

हिम्मतराव : मी. रेशनकार्डापासून आपल्या रोहनच्या पासपोर्टापर्यंत घरातले फॉर्म मीच भरतो की नै? तू सही करतेस.

त्रिवेणी : हौ, केली. तुम्ही भरलं म्हणजे बरोबरच. अक्कल गहाण ठेवली मी!

हिम्मतराव : खोटं नाही लिहिलं. तीस वर्षं मीटरचं रीडिंग घेतलं, अंदाजपंचे आकडा कधी टाकला नाही. रात्री दोनदा उठतो, दोन्ही वेळी बघितलं तुला. हालचाल नाही, आवाज नाही. म्हटलं, झोपली बिचारी.

त्रिवेणी : बिचारी! काल शाळेत पेपर चालू असताना डोळा लागला माझा. मोठ्या बाई बोलल्या, पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी नका येऊ. नोकरी जाईल माझी, अहो!

हिम्मतराव : मग कण्हायचं! उठून बसायचं! मला काय स्वप्न पडतंय?

त्रिवेणी : ज्याचं जळतं त्याला कळतं. कूस बदलली की ती लोखंडी खाट करकरते. तुमचं बायपास झालं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, यांची झोप मोडू देऊ नका?

हिम्मतराव : त्याला तीन वर्षं झाली.

त्रिवेणी : तीनच झाली. दात आवळून भिंतीकडं तोंड करून पडते. अजान झाली की सुटले म्हणते, उठून चहा ठेवते.

हिम्मतराव : ...दे तो तक्ता इकडं.

त्रिवेणी : आता काय करता?

हिम्मतराव : एकपर्यंत बसतात डॉक्टर. काल किती झोपलीस?

त्रिवेणी : दीड तास असेल.

हिम्मतराव : परवा?

त्रिवेणी : दोन. अहो, खोडताय तुम्ही? तुम्ही तर कधी खोडत नाही!

हिम्मतराव : त्याच्या आधी?

त्रिवेणी : आठवत नाही. महिनाभराच्या रात्री कुठं मोजत बसू?

(हिम्मतराव पेनचं टोपण लावतो आणि तिला उठायला हात देतो.)

हिम्मतराव : चल आत. तुझं तूच सांग त्यांना. आणि आज रात्री कूस बदल. वाजू दे खाट.