प्रार्थनेतली म्हैस

(सक्करदरा, नागपूर. सन १९७१ ची थंडी. सत्यवतीबाईंना कालच माती दिली. दिवेलागण झाली, पण घरात दिवा लागलेला नाही. ओसरीवर त्यांची नात प्रेमिला बसली आहे, आणि सत्यवतीबाईंची धाकटी बहीण जयवंता. उभ्या जन्मात जी या घराची पायरी चढली नाही ती आज आली. तीही स्वतःचं पाणी बरोबर घेऊन.)

जयवंता : नाई वं पोरी, मले नको. हे पाह्य, तांब्या भरून आनला घरून.

प्रेमिला : बसमध्ये सांडलं असेल न, मावशीआजी.

जयवंता : अर्धं सांडलं. लुगडं ओलं झालं. असू दे. तू वामनची पोरगी न?

प्रेमिला : हाव. प्रेमिला. बाबा आत पडून आहेत, भिंतीकडे तोंड करून. जेवले नाहीत.

जयवंता : सकाळी आमच्या गावचा भैयाजी चक्कीवर भेटला, त्याचं नागपूरले जानं-येनं असते. म्हने, तुमची बहीन गेली, माती बी देऊन झाली. मी म्हटलं, बरं. पीठ घेतलं, घरी आली, भाकरी टाकल्या. मंग बस पकडली.

प्रेमिला : रडल्या नाही तुम्ही?

जयवंता : नाई. तू?

प्रेमिला : नाही. लोक येऊन राहिले, पाठीवरून हात फिरवून राहिले, अन मी चहा देऊन राहिली. साखर संपली, तर दुकानात जाऊन घेऊन आली. मले काहीच वाटून नाही राहिलं.

जयवंता : आमच्यात मानूस गेलं का डोक्यावरून आंगोळ करा लागते. मी हिरीवर गेली, बादली शेंदली, अन तशीच उभी राहिली. बाईच्या, माह्या या मोठ्या बहिनीच्या, नावाची आंगोळ तं मी कवाच करून बसली.

प्रेमिला : कधी?

जयवंता : ती बाटली तवा. तुहा आजोबा हगवनीनं गेला. वामन मांडीवरचा, त्याले बी तेच. मिशनच्या दवाखान्यात पोरगं वाचलं. मंग ती तिथंच आया म्हनून राहिली, अन तुमच्या धर्माचं पानी घेतलं डोक्यावर. गावात बातमी आली तं आमच्या बाबानं साऱ्यायले नदीवर नेलं. म्हने, सत्यवती मेली, आंगोळी करा. मी परकरातली पोर, थंडीनं दात वाजून राहिले. इचारलं, बाई कुठं मेली? तं एक ठेवून देल्ली गालावर.

प्रेमिला : अन आज?

जयवंता : एकाच मानसाची दोनदा आंगोळ कशी करू वं? बादली वांग्याच्या झाडायले ओतून देल्ली. तिले माहीत होतं हे, आंगोळीचं?

प्रेमिला : माहीत होतं.

जयवंता : काही बोले का माह्यावर?

प्रेमिला : नाही. प्रार्थनेत नाव घे फक्त.

जयवंता : कोनाचं?

प्रेमिला : तुमचं. रोज याच वेळी चटई टाकायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे. आजी एकेकासाठी मागे. बाबांची नोकरी, माझी परीक्षा, शेजारच्या शोभाताईचं बाळंतपण, चर्चच्या पाळकसाहेबांचा दमा. भाजी थंडी होऊन जाये. अन शेवटी, ‘प्रभू, माझ्या जयवंताच्या म्हशीची कास बरी कर.’

जयवंता : माही म्हैस?

प्रेमिला : एकदा भैयाजी सांगून गेले होते न, तुमच्या म्हशीच्या कासेले सूज आली म्हणून. मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती.

जयवंता : अवं, ती म्हैस त्याच महिन्यात मेली!

प्रेमिला : आम्हाले कोण सांगणार? दुसरी बातमी आलीच नाही गावाहून. लहानपणी मी अन माझा भाऊ एकमेकांले चिमटे घेत होतो, हसू येऊ नये म्हणून. एकदा मी म्हटलं, आजी, म्हैस जगते तरी किती वर्षं? तर म्हणाली, मले तिचं दुसरं काही माहीत नाही वं.

जयवंता : हाव. कुठून माहीत राहीन तिले.

प्रेमिला : काल माती देऊन आल्यावर पाळकसाहेब म्हणाले, आजीची प्रार्थना बंद नको पडू देऊ, प्रेमिला, तू चालव. चर्चची सगळी माणसं बसली होती. मी डोळे मिटले. तोंडात आजीचंच सगळं. बाबा झाले, शोभाताई झाली, अन म्हणून गेली, ‘आजीचा गुडघा बरा कर, तिले चर्चच्या पायऱ्या चढू दे.’

जयवंता : मंग?

प्रेमिला : कोणी आमेनच म्हणेना. आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागत नाहीत. ती देवाजवळ पोचली, तिचं दुखणं सरलं, असं असते. पाळकीणबाईनं माझा हात दाबला. बाबा उठून आत गेले, ते तेव्हापासून बोलले नाहीत.

जयवंता : अन आज?

प्रेमिला : तेच तर. आजीनं तापातही एक दिवस चुकवला नाही. आज मी चटई टाकली नाही, तर या घरातून ते गेलंच समजा. पण हिंमत नाही होऊन राहिली. पुन्हा गुडघाच निघेल तोंडातून.

जयवंता : कोनता गुडघा?

प्रेमिला : डावा.

जयवंता : थंडीत जास्त दुखे?

प्रेमिला : हाव. राईचं तेल गरम करून लावत होती मी.

जयवंता : आमच्या मायचा बी डावाच होता... चटई कुठं असते?

प्रेमिला : दाराआड. तुम्ही बसता? डोळे मिटा लागतात.

जयवंता : मिटीन. पहिले माठातलं पानी दे.

प्रेमिला : तुमच्या तांब्यात आहे न अजून, मावशीआजी.

जयवंता : असू दे. तू दे.

प्रेमिला : घ्या... अन म्हशीचं काय म्हणू?

जयवंता : म्हशीले सोड आता. गुडघ्याचंच म्हन, जसं तोंडात येते तसं. तिच्या जागी नाव तेवढं माहं घे.